गर्दीच्या मागे जाऊ नको: निर्गम २३ मधल्या आज्ञेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोशे हा प्राचीन इस्राएल लोकांचा पुढारी. बायबलमधल्या त्याच्या नियमशास्त्रात खून, चोरी, व्यभिचार यांच्याविरुद्ध आज्ञा आहेत हे बहुतेकांना ठाऊक असतं. गर्दीविरुद्धही एक आज्ञा आहे, हे मात्र अनेक वर्षं बायबल वाचणाऱ्यांच्याही नजरेतून निसटतं. बायबल अभ्यासाच्या वर्गात या आज्ञेवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही समजावं म्हणून माणसांची आणि ठिकाणांची ओळख जागच्या जागी दिली आहे.

ही आज्ञा नेमकी काय आहे आणि कुठे आहे?

बायबलमधलं निर्गम हे पुस्तक, अध्याय २३, वचन २. आशय असा: पुष्कळ लोक वाईट करायला निघाले म्हणून तू त्यांच्या मागे जाऊ नको, आणि खटल्यात बोलताना पुष्कळांच्या बाजूला झुकून न्याय वाकडा करू नको.

दहा आज्ञा विसाव्या अध्यायात येतात. त्यानंतर सीनाय पर्वतापाशी इस्राएलला रोजच्या जगण्याचे कायदे मिळतात: शिंग मारणारा बैल, शेतात पसरलेली आग, गहाण ठेवलेलं पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत देणं. गर्दीबद्दलची आज्ञा याच कायद्यांच्या ओघात येते. तिच्या आधीचं वचन म्हणतं, खोटी अफवा पसरवू नको आणि दुष्टाशी हातमिळवणी करून खोटी साक्ष देऊ नको. पुढची वचनं म्हणतात, गरिबाच्या खटल्यात पक्षपात करू नको, गरिबाचा न्याय बुडवूही नको, निरपराध्याला मरू देऊ नको, लाच घेऊ नको, परक्याला छळू नको. या सगळ्याच्या मधोमध वैऱ्याच्या गाढवाचा कायदा आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

हे सगळं ‘तू’ला उद्देशून आहे, ‘तुम्हा सर्वांना’ नाही. माझ्या मते या आज्ञेचा सगळा जोर तिथेच आहे. गर्दीत शिरलेल्या माणसाला वाटतं की जे झालं ते सगळ्यांनी केलं, त्यात माझं असं काही नाही. नियमशास्त्र त्याला गर्दीतून बाहेर काढून विचारतं: तू काय केलंस?

ही आज्ञा न्यायाधीशांसाठी आहे, की सामान्य माणसासाठी?

दोघांसाठी. त्या काळच्या इस्राएलमध्ये दोघांत आजच्यासारखं अंतर नव्हतं. न्यायनिवाडा गावाच्या वेशीत बसून होई. वेस म्हणजे येण्याजाण्याची, बाजाराची, बातमी कळण्याची जागा. रूथच्या पुस्तकात बवाज शेताचा आणि लग्नाचा प्रश्न सोडवायला वेशीत जातो, येणाऱ्या नातलगाला थांबवतो, गावातली दहा वडीलधारी माणसं बसवतो आणि तिथल्या तिथे निकाल लागतो. भोवती जमलेले लोक साक्षीदार होतात. वकील नाही, पोलीस नाही, सरकारी फिर्यादी नाही. बघायला थांबलेला माणूस पुढच्या क्षणी साक्षीदार होऊ शकतो आणि साक्षीदाराच्या हातात दुसऱ्याचा जीव असतो.

म्हणूनच गप्प राहणाऱ्यालाही सूट नाही. लेवीय या पुस्तकातलं ५:१ (अध्याय ५, वचन १) म्हणतं की साक्ष देण्यासाठी पुकारा झालेला ऐकूनही, जे पाहिलं किंवा माहीत आहे ते जो सांगत नाही, तो दोषी. आपण म्हणतो, कशाला नसत्या भानगडीत पडा. नियमशास्त्राच्या लेखी ती भानगड तुमचीच आहे.

‘गरिबाच्या खटल्यात पक्षपात करू नको’ हे बायबलमध्ये कसं? बायबल तर गरिबांच्या बाजूचं आहे ना?

आहेच. विधवा, अनाथ, परका यांच्यासाठी नियमशास्त्र जितकं कळवळून बोलतं तितकं क्वचितच कशासाठी बोलत असेल. तरीही निर्गम २३:३ आणि लेवीय १९:१५ स्पष्ट सांगतात की न्याय करताना गरिबाची बाजू घेऊ नको आणि थोरामोठ्याचं तोंड पाहूनही निकाल देऊ नको. वाहून जाणं दोन प्रकारचं असतं. कधी लोक रागाने पेटतात आणि एखाद्याला ठेचायला निघतात, तर कधी लोकांना एखाद्याचा उमाळा येतो आणि त्याने काहीही केलेलं असलं तरी तो सुटावा असं सगळ्यांना वाटू लागतं. दोन्ही वेळा प्रत्यक्ष काय घडलं हा प्रश्न मागे पडतो.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण मुंबईत घडलेलं आहे. १९५९ मध्ये नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला, तेव्हा शहराची सहानुभूती उघडपणे त्यांच्या बाजूने होती. ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पुराव्याशी जुळणारा वाटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या न्यायाधीशांच्या मनात निर्गमातलं वचन होतं असं मला म्हणायचं नाही. पण त्या वचनाला जे अपेक्षित आहे ते त्यांनी केलं.

गरिबाला मदत करायची तर धान्य द्या, बिनव्याजी कर्ज द्या, शेताच्या कडेचं पीक त्याच्यासाठी सोडा. नियमशास्त्रात यातल्या प्रत्येक गोष्टीचा कायदा आहे. खोटा निकाल देऊन मात्र मदत करायची नाही.

नुसतं ‘गर्दीपुढे झुकू नको’ म्हणून काय उपयोग? झुकणारे झुकतातच.

खरं आहे. म्हणून नियमशास्त्र उपदेशावर थांबत नाही. गर्दीचा वेग मोडणाऱ्या अटी ते घालून देतं.

पहिली अट साक्षीदारांची. एकाच्या साक्षीवर कुणालाही मृत्युदंड देता येत नाही, दोन किंवा तीन साक्षीदार लागतात (गणना ३५:३०, अनुवाद १७:६; ही दोन्ही बायबलमधली पुस्तकं). ‘सगळा गाव म्हणतो’ ही साक्ष नव्हे. हजार जणांनी ऐकलेलं असेल आणि पाहिलेलं एकानेच, तर साक्षीदार एकच.

दुसरी अट चौकशीची. असं असं घडलं हे कानावर आलं, तर नीट शोध कर, तपास कर, बारकाईने विचार, असं अनुवाद १३ आणि १७ या दोन्ही ठिकाणी बजावलं आहे. गुन्हा जितका संतापजनक, तितकी ही अट ठळक होत जाते. मूर्तिपूजेचा आरोप हा त्या समाजातला सगळ्यात भडकवणारा आरोप. नेमकी तिथेच सबुरीची सक्ती आहे.

तिसरी अट मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते. दगडमाराची शिक्षा झाली, तर पहिला हात साक्षीदारांनी उचलायचा (अनुवाद १७:७). बाकीचे लोक नंतर. म्हणजे ज्याच्या शब्दावर माणूस मरणार, त्याने आधी सगळ्यांसमोर एकट्याने पुढे यायचं, दगड उचलायचा आणि त्या माणसाकडे बघायचं. मागे उभं राहून ‘मारा, मारा’ ओरडायची सोय त्याला नाही.

चौथी अट खोट्या साक्षीची. साक्ष खोटी ठरली, तर आरोपीला जी शिक्षा व्हायची ती साक्षीदाराला (अनुवाद १९:१६–२१). ‘डोळ्याबद्दल डोळा’ हे वाक्य सूडाचं ब्रीद म्हणून सगळीकडे फेकलं जातं. अनुवाद १९ मध्ये ते खोट्या साक्षीदाराच्या शिक्षेबद्दल आलं आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

आणि आश्रयनगरं. यार्देन नदीच्या पश्चिमेला केदेश, शखेम, हेब्रोन आणि पूर्वेला बेसेर, रामोथ, गोलान अशी सहा नगरं. कुणाच्या हातून चुकून माणूस मेला, लाकूड तोडताना कुऱ्हाडीचं पातं निसटून शेजाऱ्याला लागलं, तर मेलेल्याचे नातलग रक्ताचा बदला घ्यायला धावणार. तेवढ्यात त्याने यांपैकी एक नगर गाठायचं. मंडळीसमोर उभा राहून न्याय होईपर्यंत त्याला कुणी मारू शकत नाही. अनुवाद १९:३ म्हणतं की तिकडे जाणारा रस्ता तयार ठेवायचा आणि देशाचे तीन भाग करायचे, म्हणजे पळणाऱ्याला अंतर फार पडू नये. सूडाने तापलेल्या लोकांपुढे एकटा पळणारा माणूस किती अंतर कापू शकेल, याचा हिशेब कायद्याने केलेला आहे.

पण दगडमार ही शिक्षाच सगळ्या लोकांनी मिळून द्यायची होती. तो जमावच नाही का?

हा प्रश्न टाळून पुढे जाणं मला पटत नाही. अनुवादातले काही कायदे आज वाचताना अंगावर काटा येतो. आईबापांचं न ऐकणाऱ्या मुलाला गावाने दगडमार करावा असं अनुवाद २१ मध्ये लिहिलेलं आहे, आणि ते लिहिलेलं आहे हे मान्य करूनच बोललं पाहिजे.

मग फरक कुठे? शिक्षा सगळ्यांच्या हाताने होते, पण निर्णय सगळ्यांच्या आवाजाने होत नाही. त्या मुलाला आईबापांनी दोघांनी मिळून गावच्या वडिलांपुढे, म्हणजे वडीलधाऱ्या माणसांपुढे न्यायचं आहे. रागावलेल्या एकट्या बापाला तो अधिकार नाही. पुढे यहुदी गुरूंनी या कायद्याच्या अटी इतक्या बारीक केल्या की तालमूद या त्यांच्या चर्चांच्या संग्रहात एक मत असं नोंदलेलं आहे की असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही. मला यात एका समाजाची सद्सद्विवेकबुद्धी आपल्याच ग्रंथाशी झगडताना दिसते, आणि त्या झगड्याबद्दल आदर वाटतो.

इतके कायदे असूनही नाबोथाला ठार मारलं गेलं. मग उपयोग काय झाला?

नाबोथाची कथा (१ राजे २१) या विषयातली सगळ्यात भयंकर कथा आहे, कारण तिथे कायद्याची एकेक पायरी दिसायला नीट पाळलेली आहे.

इज्रेलात नाबोथाचा द्राक्षमळा होता, अहाब राजाच्या वाड्याला लागून. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. बदल्यात चांगला मळा किंवा रोख पैसे द्यायची त्याची तयारी होती. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. राजा घरी जाऊन तोंड फिरवून पडला, जेवेना. राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, राजाची मोहोर उठवली आणि नाबोथाच्या नगरातल्या वडिलांना व सरदारांना पाठवली. पत्रातला मजकूर असा: उपासाचा दिवस जाहीर करा. नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवा. दोन हलकट माणसं त्याच्यासमोर बसवा. त्यांनी सांगावं की याने देवाला आणि राजाला शाप दिला. मग त्याला बाहेर नेऊन दगडमार करा.

बघा, काय काय सांभाळलंय. साक्षीदार दोन, कायद्याला लागतात तेवढेच. आरोप निर्गम २२:२८ मधला: देवाची निंदा करू नको, आपल्या अधिपतीला शाप देऊ नको. उपास जाहीर केल्यामुळे आधीच लोकांच्या मनात भीती की गावात काहीतरी पाप झालंय. शिक्षा नगराबाहेर. नसलेली गोष्ट एकच: नीट शोध कर, तपास कर, बारकाईने विचार. त्या दोघांना कुणी एक प्रश्न विचारल्याचं कथेत नाही.

आणखी एक तपशील आहे, तो वाचताना मी दर वेळी थांबतो. पत्रं राजाच्या नावाने आली होती. काम झाल्यावर वडिलांनी निरोप कुणाला पाठवला? ईजबेलला. ‘नाबोथाला दगडमार झाला, तो मेला.’ म्हणजे पत्र कुणाचं हे त्यांना माहीत होतं. इज्रेलातल्या त्या सगळ्या वडिलांपैकी एकजण जरी वेशीत उभा राहून म्हणाला असता, ‘थांबा, याने हे कुठे, कधी म्हटलं?’ तर राणीची अडचण झाली असती. तिला त्यांच्या सह्या आणि शांतता, दोन्हींची गरज होती. २ राजे ९:२६ वरून कळतं की नाबोथाबरोबर त्याच्या मुलांचंही रक्त सांडलं होतं.

एलीया संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा माणूस, मळ्यात अहाबाला गाठतो आणि विचारतो: खून करून वर ताबाही घेतलास का? गाव गप्प राहिलं तरी प्रकरण मिटलेलं नव्हतं.

मग बहुमताने निर्णय घेणं चूक आहे का?

नाही. आणि गंमत अशी की यहुदी परंपरेने न्यायालयातल्या बहुमताचा आधार याच वचनात शोधला. वचनाच्या अखेरच्या शब्दांवरून गुरूंनी नियम काढला की न्यायाधीशांत मतभेद झाला तर बहुमताकडे झुकावं. पण आरंभीचे शब्द त्यांनी सोडले नाहीत. दोन्ही मिळून जे तयार झालं ते मिश्ना या यहुदी कायद्याच्या जुन्या संग्रहात, सन्हेद्रिन या प्रकरणात वाचायला मिळतं. मिश्नाचं संकलन इसवी सन २०० च्या सुमाराचं, म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडून सव्वाशेहून अधिक वर्षं झाल्यावरचं. त्यातलं किती प्रत्यक्षात चाललं आणि किती आदर्श म्हणून लिहिलं यावर अभ्यासकांत चर्चा आहे. पण त्यामागचा विचार लखलखीत आहे.

जिवाशी संबंधित खटल्याला २३ न्यायाधीश. सोडायला एका मताचं आधिक्य पुरे, दोषी ठरवायला दोन मतांचं हवं. सुटकेचा निकाल त्याच दिवशी देता येतो. दोषी ठरवायचं असेल तर रात्र मध्ये जाऊ द्यायची. त्या रात्री न्यायाधीशांनी दोघा-दोघांच्या जोड्या करून चर्चा करायची, जेवण कमी, द्राक्षारस अजिबात नाही. आरोपीच्या बाजूने एकदा बोललेल्याने नंतर विरुद्ध युक्तिवाद करायचा नाही. विरुद्ध बोललेल्याला मात्र मत बदलून बाजूने बोलता येतं. बसायचं अर्धवर्तुळात, खळ्याच्या अर्ध्या भागासारखं, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसेल.

मत विचारायला सुरुवात कडेच्या, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशांपासून करायची. कारण उघड आहे. वयाने आणि मानाने मोठा माणूस आधी बोलला की मागून बोलणाऱ्याची जीभ अडखळते. आपल्याकडे कुठल्याही बैठकीला बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

निकाल लागल्यावरही दार बंद होत नाही. न्यायालयाच्या दारात एकजण हातात कापड घेऊन उभा, आणि दूर, पण त्याला दिसेल इतक्या अंतरावर दुसरा घोड्यावर. आत कुणी म्हणाला, ‘याच्या बाजूने मला काही सांगायचंय,’ की कापड हलवायचं आणि घोडेस्वाराने धावून शिक्षा थांबवायची. पुढे दवंडी पिटणारा चालतो: अमक्याचा मुलगा अमका, या आरोपावरून याला नेलं जातंय, अमुक अमुक साक्षीदार आहेत, कुणाला याच्या बाजूने काही माहीत असेल तर पुढे यावं. आरोपी स्वतः म्हणाला तरी त्याला परत आणायचं, चार-पाच वेळासुद्धा, बोलण्यात काही तथ्य असेल तर.

तालमूदमध्ये याहून चमत्कारिक वाटणारा एक नियम आहे. सगळ्याच्या सगळ्या न्यायाधीशांनी पहिल्याच झटक्यात दोषी म्हटलं, तर आरोपी सुटतो. एकालाही त्याच्या बाजूने काही सुचलं नाही, म्हणजे कुणी शोधलंच नाही असा अर्थ.

आपण ‘पंचामुखी परमेश्वर’ म्हणतो. बायबलला हे मान्य होईल का?

अर्धं मान्य होईल. अनुवाद १:१७ मध्ये मोशे न्यायाधीशांना सांगतो: लहान-मोठ्याचं सारखंच ऐका, माणसाच्या तोंडाला भिऊ नका, कारण न्याय देवाचा आहे. पंच देवाचं काम करतात इथपर्यंत एकमत. पण पंच बोलले म्हणून ते देवाचं होत नाही. इज्रेलचे वडील पंचच होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. जातपंचायतींनी कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकल्याच्या इतक्या घटना झाल्या की राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या बहिष्कारांत गावातला प्रत्येकजण दुष्ट होता असं कुणी म्हणणार नाही. ‘चार लोकांच्या बाहेर आपण कसं जायचं’ एवढंच प्रत्येकाचं म्हणणं असतं.

मोठे मोठे नेतेही गर्दीपुढे झुकले ना?

झुकले, आणि बायबलने ते झाकलेलं नाही. मोशे पर्वतावरून लवकर उतरेना तेव्हा लोक त्याच्या भावाभोवती, अहरोनाभोवती जमले आणि त्याने त्यांना सोन्याचं वासरू करून दिलं. जाब विचारल्यावर त्याचं उत्तर (निर्गम ३२:२४): लोकांनी मला सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. त्याच अध्यायात थोडं आधी लिहिलेलं आहे की त्याने ते हत्याराने घडवलं होतं. शौल राजाने निदान कबुली दिली: मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं (१ शमुवेल १५:२४).

याच्या उलट बाजूला यहोशवा आणि कालेब. देश हेरून आलेल्या बारांपैकी दहाजण एकीकडे, हे दोघे दुसरीकडे, आणि सगळी मंडळी यांना दगडमार करायला उठलेली. मीखाया बिन इम्लाचं तर काय सांगावं! चारशे संदेष्टे राजाला ‘लढाईला जा, जिंकशील’ म्हणत होते. त्याला बोलवायला आलेल्या जासुदाने वाटेतच सुचवलं की बाबा, तूही त्यांच्यासारखंच चांगलं बोल. तो तसं बोलला नाही. त्याला तुरुंगात टाकलं, आणि राजा लढाईत मेला.

गर्दी नेहमी चुकीचीच असते, असं म्हणायचंय का?

अजिबात नाही. १ शमुवेल १४ मध्ये शौल आपल्या मुलाला, योनाथानाला, एका अविचारी शपथेपायी मारायला निघतो आणि सैन्यातले लोक त्याला अडवतात: याच्या डोक्याचा केसही जमिनीवर पडणार नाही. तिथे राजा चुकीचा आणि लोक बरोबर.

यिर्मया २६ याहून शिकण्यासारखं आहे. यिर्मया मंदिराच्या अंगणात उभा राहून म्हणतो की हे मंदिर उद्ध्वस्त होईल. याजक, संदेष्टे आणि सगळे लोक त्याला धरतात: तू मेलाच पाहिजेस. सरदार राजवाड्यातून येऊन नव्या वेशीत बसतात आणि दोन्ही बाजू ऐकल्या जातात. यिर्मया बचावात गयावया करत नाही. म्हणतो, मी तुमच्या हातात आहे, पण मला मारलंत तर निरपराध्याचं रक्त स्वतःवर घ्याल. मग देशातले काही वडील उठून आठवण करून देतात की हिज्कीया राजाच्या काळात मोरेशेथच्या मीखाने अगदी हेच म्हटलं होतं, तेव्हा राजाने त्याला मारलं का? जे लोक थोड्या वेळापूर्वी धरायला धावले होते, तेच सरदारांच्या बाजूने बोलू लागतात. तीच माणसं, तोच दिवस. फरक इतकाच पडला की कुणीतरी बसलं, ऐकलं आणि जुनी गोष्ट आठवली.

त्याच अध्यायात ऊरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याची नोंद आहे. तो हेच बोलला, मिसरात पळाला, आणि यहोयाकीम राजाने त्याला पकडून आणून मारलं. यिर्मया वाचला, कारण शाफानाचा मुलगा अहीकाम त्याच्या पाठीशी उभा होता. ऊरीयाचा अहीकाम कुणी नव्हता.

येशूच्या खटल्यात ही आज्ञा कुठे मोडली?

जवळजवळ प्रत्येक पायरीवर. रात्रीची धरपकड, एकमेकांशी न जुळणाऱ्या साक्षी, आणि शेवटी पिलात. मार्क १५:१५ कारण सरळ सांगतो: लोकांना खूश करावं म्हणून. पिलाताला येशूत दोष सापडला नव्हता. निर्गमातल्या आज्ञेत जे करू नको म्हटलंय, ते त्या रोमी सुभेदाराने केलं.

विरोधाचे आवाज होते. निकदेमाने सभेत विचारलं होतं की माणसाचं ऐकून घेण्याआधी आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का? (योहान ७:५१) अरिमथाईचा योसेफ धर्मसभेचा सभासद होता आणि तिच्या निर्णयाला त्याची संमती नव्हती, असं लूक नमूद करतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. त्या सकाळच्या एका जमावावरून सगळ्या यहुदी लोकांना दोषी ठरवणं हे ख्रिस्ती इतिहासातलं मोठं पाप आहे आणि त्यापायी शतकानुशतकं निरपराध माणसं मारली गेली. येशू यहुदी, शिष्य यहुदी, निकदेम आणि योसेफ यहुदी. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या शनिवार पाळला आणि निर्गमातला हाच भाग त्यांच्या सिनेगॉगमध्ये दर वर्षी वाचला जातो. गर्दीविरुद्धची ही आज्ञा ख्रिस्ती लोकांना मिळाली ती त्यांच्याकडूनच.

नव्या करारात कुणी गर्दीला यशस्वीपणे शांत केलं का?

हो, आणि तो ख्रिस्ती नव्हता. इफिस शहरात अर्तमी देवीचे देव्हारे बनवणाऱ्या देमेत्रिय नावाच्या सोनाराने ख्रिस्ती प्रचारामुळे धंदा बुडेल या भीतीने कारागिरांना चिथावलं. सगळं शहर नाट्यगृहात धावलं. प्रेषितांची कृत्ये १९:३२ म्हणतं की आपण कशासाठी जमलोय हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. दोन तास घोषणा चालल्या: ‘इफिसकरांची अर्तमी थोर!’ मग शहराच्या चिटणीसाने त्यांना शांत केलं. कुणाबद्दल तक्रार असेल तर न्यायालयं उघडी आहेत, तिथे जा, असं सांगून त्याने सभा बरखास्त केली. प्रवचन नाही, चमत्कार नाही. एका सरकारी माणसाने आपलं काम केलं.

आज या आज्ञेचा काय संबंध? आता दगडमार कोण करतं?

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश मोबाइलवर फिरत होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारण्यात आलं. निर्गम २३ उघडून त्या दिवसाशेजारी ठेवा: पहिलं वचन अफवा, दुसरं जमाव, सातवं निरपराध्याचं मरण, नववं परक्याचा छळ.

संदेश पुढे पाठवणाऱ्याने दगड उचललेला नसतो. पण तो त्या साखळीतली पहिली कडी असतो, आणि आज्ञेची सुरुवात पहिल्या कडीपासूनच आहे.

वैऱ्याच्या गाढवाचा या सगळ्याशी काय संबंध?

निर्गम २३:४–५: वैऱ्याचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर त्याच्याकडे परत नेऊन दे, त्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर त्याला मदत कर. खटल्यांच्या कायद्यांच्या मध्येच हे आल्याने वाचक गोंधळतात. मला ते अगदी योग्य जागी वाटतं. जमाव तयार व्हायला आधी कुणीतरी ‘तो आपला नाही’ असं ठरावं लागतं. ज्याने काल त्याच माणसाच्या गाढवाला हात लावून उठवलं, दोघांनी मिळून ओझं सोडलं, त्याला आज त्याच्याविरुद्ध ओरडणाऱ्यांत सामील होणं जड जातं.

एकट्याने उभं राहायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

आरडाओरडा करून जमावाशी भांडायची गरज सहसा नसते. वरच्या कथांत कामी आलेले प्रश्न साधे आहेत. कुणी पाहिलं? तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस? कुठे, कधी? त्याचं म्हणणं कुणी ऐकलंय का? आज ठरवायलाच हवं का, की उद्या सकाळी बसू? मंडळीच्या पंचकमिटीत, सोसायटीच्या सभेत, घराण्याच्या वाटणीच्या बैठकीत हे प्रश्न शांतपणे विचारता येतात. आणि एखादा आधीच एकटा उभा असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, अहीकामासारखं. ते पहिल्याने उभं राहण्याइतकं अवघड नसतं, तरीही फार थोडे करतात.

जिथे हिंसा सुरू झाली आहे तिथे आधी ११२ ला फोन करा. आश्रयनगराचा कायदाही पळणाऱ्याला आधी सुरक्षित जागी पोहोचवतो, न्याय त्यानंतर.

संडे स्कूलच्या मुलांना यातली कोणती कथा सांगावी?

कॅथलिक मुलांना सुसान्नाची सांगा. ती त्यांच्या बायबलमध्ये दानीएलाच्या तेराव्या अध्यायात आहे. दोन म्हातारे न्यायाधीश तिच्यावर खोटा आरोप करतात, मंडळी विश्वास ठेवते, आणि तिला मारायला नेत असताना तरुण दानीएल ओरडतो की या रक्ताचा वाटा मी उचलणार नाही. मग तो दोघांना वेगवेगळं करून एकच प्रश्न विचारतो: कुठल्या झाडाखाली पाहिलंत? दोघे वेगवेगळी झाडं सांगतात. मुलांना हा भाग फार आवडतो, आणि त्यांच्याकडून नाटक करून घेता येतं. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हा अध्याय नाही. तिथे यिर्मया २६ घ्या आणि मुलांना याजक, सरदार, वडील, लोक अशा भूमिका वाटून द्या. अहीकामाची भूमिका वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलाला द्यावी. त्याला एकही वाक्य नाही, त्याने फक्त यिर्मयाच्या बाजूला उभं राहायचंय.